आंबागडची विहीर

मंडळी, गायमुखच्या यात्रेला तुमच्यापैकी पुष्कळजण जातात. त्याच बाजूला, आपल्या तुमसर तालुक्यातच, सातपुड्याच्या डोंगरावर आंबागडचा किल्ला आहे. कधी वर चढलात का? एकदा चढा. पण पाणी घरून न्या. का, ते सांगतो.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद. नागपूर शहर वसवले, तोच. त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्यांनी किल्ल्याचा तुरुंग केला.

आत एक विहीर आहे. कैद्यांना तिचेच पाणी प्यायला लावीत आणि त्या पाण्याने ते मरत, असे सांगतात. पाणी विषारी होते म्हणे. आता त्यात विष कालवायला कशाला हवे? उपसा नाही, पाला पडून कुजतो, अशा विहिरीचे पाणी काय करते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हगवण लागली की धडधाकट माणूस चार दिवसांत आडवा. फाशी नको, तलवार नको. तहानलेला कैदी आपल्याच हाताने पाणी प्यायचा! मला तर हे फाशीहून वाईट वाटते.

१८५३ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. आज किल्ला पडका आहे.

पोरेबाळे घेऊन जा. विहिरीपाशी त्यांचा हात सोडू नका. आणि आता लिहिता येते म्हणून भिंतीवर कोळशाने नाव काढू नका, बरं का!