आधी ऊब, मग खाणं

(रेडिओवरील भाषण)

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय पाळीव कासवांची निगा. निगा म्हटलं की टाकी आली, फिल्टर आला, गोळ्या आल्या. ते सगळं तुम्हाला दुकानदारानं सांगितलेलं असतंच. मी एकाच तक्रारीवर बोलणार आहे. हडपसरमध्ये राहून इतकी वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, तरी लोक फोन करतात आणि फोनवर वाक्य एकच असतं : "सर, पिल्लू काही खातच नाही हो."

हा फोन डिसेंबर-जानेवारीत येतो, नाहीतर जुलै-ऑगस्टच्या झडीत, आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा. मे महिन्यात क्वचित. निम्मं उत्तर इथेच आहे, पण फोन करणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. त्याला वाटतं, खाणं आवडत नसेल, बदलून बघू.

गेल्या थंडीत ससाणेनगरमधल्या एका घरी गेलो होतो. तिसरीतला मुलगा, त्याची आई आणि आजी. टीव्हीच्या कपाटाखाली एक प्लास्टिकचा टब, टबात प्लास्टिकचंच नारळाचं झाड आणि मारी बिस्किटापेक्षाही लहान अशी दोन पिल्लं. डोळ्यांमागे तांबडा पट्टा. म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. पुण्यात 'पाळायचं कासव' म्हणून विकलं जातं ते बहुतेक हेच. तळाशी काय नव्हतं? फुगलेल्या गोळ्या, सुकट, उकडलेल्या अंड्याचा चुरा, गाजराचा कीस, पोळीचे तुकडे. पाण्याला वास मारत होता आणि पिल्लं कोपऱ्यात मान आत ओढून बसली होती. मुलगा चिमट्यानं एकाच्या तोंडाशी सुकट नेत होता. मी पाण्यात बोट घातलं आणि काढून घेतलं. थर्मामीटर लावला तर पारा अठरावर.

तेवढ्यात आजी आतून म्हणाल्या, "चहा घेऊन जा, ताक नाही हो देता येत, थंडीत दही लागतच नाही." सहज आत पाहिलं, तर विरजणाचं भांडं टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्यात बसवलेलं. मी म्हटलं, "आजी, दह्याला टॉवेल आणि कासवाला अठरा अंशांचं पाणी?"

आता हे दही मी जरा ताणणार आहे, रागावू नका. दूध कोमट असलं की विरजण आपलं काम करतं. गार दुधात ते नुसतं पडून राहतं. मग अडाणी माणूस काय करतो? आणखी विरजण घालतो. सकाळी बघावं तर दही नाहीच, वर आंबूस वास. कासवाच्या पोटाचं अगदी हेच आहे. आपलं शरीर आतून गरम राहतं, कासवाचं राहत नाही; बाहेर जेवढी ऊब तेवढीच आत. ऊब नसेल तर त्याची आतडी हलत नाहीत, पाचकरस काम करत नाहीत, आणि गिळलेला घास पोटात कुजतो. पिल्लाला हे पुस्तकातून कळत नाही, अंगातून कळतं. म्हणून ते तोंड मिटून घेतं. ते हट्ट करत नाहीये, शहाणपणा करतंय. आणि आपण चिमटा घेऊन त्याच्या तोंडामागे लागतो! म्हणजे गार दुधात आणखी विरजण.

म्हणून माझं सांगणं एवढंच : आधी ऊब, मग खाणं. खाणं बदलण्याआधी पाणी मोजा. माशांच्या टाक्यांच्या दुकानात पाण्याचा थर्मामीटर मिळतो, तो पहिला आणा. बोटावर विश्वास ठेवू नका. आपल्याला जे 'ठीक आहे' वाटतं ते पिल्लाला गार असतं. स्लायडरच्या पिल्लाला पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांचं हवं. त्याशिवाय पाण्याबाहेर चढून बसायला एक कोरडी जागा, एक सपाट वीट चालेल, आणि तिच्यावर तीस-बत्तीस अंशांची ऊब.

कुणी म्हणेल, आमच्याकडे कुठे एवढी थंडी? हवामान खात्याच्या आकड्यांत मगरपट्ट्याचं किमान तापमान पाषाण-शिवाजीनगरपेक्षा बहुधा जास्तच असतं. खरंय. तुम्हाला स्वेटर लागत नसेल. पण फरशीवर ठेवलेल्या टबातलं पाणी रात्रभरात निवतं, आणि पिल्लाला स्वेटर नसतो.

विटेवर बल्ब लावायचा म्हटलं की लोक एलईडी लावतात. फार वेळा पाहिलंय. लख्ख उजेड, आणि खाली हात धरला तर ऊब शून्य. तिथे जुना पिवळा तारेचा बल्ब हवा, चाळीसचा, आणि तोसुद्धा पाण्यात पडणार नाही असा पक्का बांधलेला. पाण्यासाठी टाकीत बुडवायचा छोटा हीटर मिळतो, आपोआप बंद-चालू होणारा. आणि इथे दही पुन्हा आठवा : कढत दुधात विरजण घातलं तर तेही मरतं. ऊन मिळावं म्हणून एप्रिलच्या दुपारी टब बाल्कनीत ठेवून ऑफिसला गेलेली माणसं मला माहीत आहेत. संध्याकाळी काय झालं ते मी सांगत नाही. टाकीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला सावली हवी, कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. दही एका जागी गप्प बसतं, कासवाला हलायला जागा लागते. एवढा फरक आहे.

उन्हाचा आणखी एक उपयोग, तो ऊब देण्याहून वेगळा. कवच घट्ट व्हायला उन्हातले जंबुपार किरण लागतात आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेआडचं ऊन डोळ्यांना ऊन दिसतं, पण कवचाला त्याचा उपयोग नाही. सकाळी आठ-साडेआठचं कोवळं ऊन, पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही शेजारी बसून. वर जाळी टाका, कारण आपल्याकडचे कावळे फार हुशार आहेत. यासाठी वेगळे दिवेही मिळतात, त्यांचं एक गणित आहे, दर काही महिन्यांनी बदलावे लागतात... ते राहू दे, वेळ पुरणार नाही.

तर, ससाणेनगरच्या घरी आम्ही काय केलं? टब रिकामा केला, सगळं अन्न फेकलं. दोन दिवस काहीही घालायचं नाही असं सांगितलं. आजींना ते पटेना. "उपाशी ठेवायचं?" म्हटलं, आजी, आत्ताही उपाशीच आहेत, निदान स्वच्छ पाण्यात राहतील. हीटर लावला, विटेवर बल्ब बांधला, मुलाला वहीत सकाळ-संध्याकाळ पारा लिहायचं काम दिलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. एक पिल्लू विटेवर चढून मागचे पाय ताणून बसलं होतं, आणि दुपारी त्यानं दोन गोळ्या खाल्ल्या. पाण्यातच खाल्ल्या, ही जात पाण्याबाहेर घास गिळतच नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

दुसरं पिल्लू मात्र खाईना. त्याचे डोळे सुजून मिटले होते. म्हणजे दरवेळी ऊब एके ऊब नव्हे, हेही सांगतो, नाहीतर माझंच बोलणं माझ्या अंगाशी येईल. महिनोन् महिने नुसत्या सुकटीवर ठेवलं की जीवनसत्त्व 'अ' कमी पडतं, पापण्या सुजतात. दिसतच नाही तर खाणार कसं? नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, पोहताना एका बाजूला कलत असेल, तर छातीत बिघाड समजा. कवच बोटानं दाबलं जात असेल तर कॅल्शियमचा प्रश्न आहे. या सगळ्यांत थेट जनावरांच्या डॉक्टरकडे, आणि तेही सरपटणारे प्राणी बघणाऱ्या. मेडिकलमधून माणसांचे थेंब आणून टाकू नका. मात्र डॉक्टरकडे नेतानासुद्धा डबा उबदार ठेवा. औषधही गार अंगात चालत नाही. बघा, पुन्हा तिथेच आलो.

आणखी एक. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस खात नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटात अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते. वेळासच्या किनाऱ्यावर तुम्ही समुद्री कासवांची पिल्लं पाण्याकडे धावताना पाहिली असतील, ती त्याच शिदोरीवर धावतात. नवीन घरी आणलेलं पिल्लूही दोन-चार दिवस बिचकतं. त्याला सारखं उचलून पाहुण्यांना दाखवू नका. लागत आलेलं दही आपण हलवतो का? वजन मात्र आठवड्यातून एकदा बघा, ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर. वजन टिकून आहे तोवर धीर धरा.

मला समोरून बोट दाखवतायत, दोन मिनिटं उरली. पण हे सांगितल्याशिवाय उठणार नाही. तुमच्याकडचं पिल्लू जमिनीवर चालणारं असेल आणि त्याच्या काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असेल, तर ते स्टार कासव आहे. ते आपल्या देशातलं रानटी कासव. घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तेव्हापासून ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९पासून सर्वांत कडक बंदी आहे. लोक ते घेतात का? तर घरात कासव असलं की लक्ष्मी येते म्हणून. अहो, सासवड रस्त्यानं जेजुरीला जा, गडावर केवढं मोठं पितळी कासव आहे, त्याच्या पाया पडा. ते खात नाही म्हणून कुणाला काळजी करावी लागत नाही.

चुकून असं पिल्लू घरी आलंच असेल, तर त्याच्यावर घरगुती उपचार करत बसू नका. केळं, टोमॅटो, दूध-पोळी तर अजिबात नको. ते हरळी खाणारं जनावर आहे, जास्वंदीची पानं खाणारं. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. ते घेऊन जातील, उपचारही करतील.

आणि स्लायडरचा कंटाळा आला म्हणून ते मुंढव्याला नदीत किंवा आपल्या कालव्यात सोडू नका. दुकानातलं ते बिस्किट पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि आपल्या नदीतल्या पाणकासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. अमेरिकेतलं कासव आहे ते. तिथे १९७५पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण पोरं त्यांना तोंडात घालायची आणि जुलाबानं आजारी पडायची. म्हणून टब स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचा नाही, हात साबणानं... हो, हो, थांबतो.

ससाणेनगरच्या त्या दुसऱ्या पिल्लाचे डोळे डॉक्टरांच्या औषधानं बाराव्या दिवशी उघडले. मुलाच्या वहीत त्या दिवशीचा पारा आहे सत्तावीस. आज घरी गेल्यावर तुमच्या टबातला बघा.