चूक मागे घेण्याचे धैर्य

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज बरोबर उत्तरांना बक्षिसे मिळाली. मी मात्र एका चुकलेल्या उत्तराची हकीकत सांगणार आहे.

1998 साली लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध छापून आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा मुलांच्या स्वमग्नतेशी संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. पुरावा किती? अवघी 12 मुले! वृत्तपत्रांनी बातमी उचलून धरली. घाबरलेल्या आईबापांनी लस टाळली. लसीकरण सुमारे 80 टक्क्यांवर घसरले. 2012-13 मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात गोवराच्या हजाराहून अधिक रुग्णांची नोंद झाली. लस चुकलेली शाळकरी मुले त्यांत पुष्कळ होती.

दरम्यान डेन्मार्कमध्ये 5 लाख 37 हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2002 साली निष्कर्ष आला : असा संबंध नाही. ब्रायन डिअर या पत्रकाराने उघड केले की, लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते. 2004 मध्ये दहा सहलेखकांनी तो अन्वयार्थ नाकारला. मुलांची निवड कशी झाली याविषयी खोटे लिहिल्याचे चौकशीत सिद्ध झाले. अखेर फेब्रुवारी 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढले गेले.

मागे घेणे म्हणजे फाडून टाकणे नव्हे. निबंध राहतो, पण त्यावर 'हा विश्वसनीय नाही' असा शिक्का बसतो. म्हणजे पुढचा वाचक फसत नाही. परंतु हा शिक्का बसायला बारा वर्षे लागली, आणि मनात बसलेली भीती शिक्क्याने निघत नाही.

पालकहो, औषधाविषयी काही ऐकलेत तर विचारा : किती रोग्यांवर पाहिले? पैसा कोणाचा? दुसऱ्या कोणी पडताळले का?

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत उत्तर जुळावे म्हणून आकडा बदलण्याचा मोह होतो. तो आवरा. आणि पालकहो, मुलाने 'माझे चुकले' म्हटले तर आधी त्याची पाठ थोपटा. मग चूक दुरुस्त करायला त्याच्याजवळ बसा.