बाळापूर ते नागपूर मेडिकल : नर्सिंगची सीट मला दुसऱ्या वर्षी कशी मिळाली

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग बारावी सायन्सवाल्यांसाठी आहे, आणि त्यांच्या आईबाबांसाठीही. जमलं तर स्पीकरवर लावून घरातल्यांना ऐकवा.

मी बाळापूरची. मन आणि म्हैस नद्यांच्या मधल्या किल्ल्याचं गाव. अकोल्याला जायचं तर एसटी नाहीतर काळीपिवळी, पंचवीसेक किलोमीटर. आज मी नागपूरच्या मेडिकलला बी.एस्सी. नर्सिंग करते. पण बारावी झाल्या झाल्या इथे पोचले नाही, मधलं एक वर्ष गेलं. ते का गेलं, तेच सांगायला बसले आहे.

आधी एक घोळ मिटवते. आपल्याकडे सगळ्याला सरसकट 'नर्सिंग' म्हणतात. एएनएम दोन वर्षांचं, मुलींसाठी. गावातल्या उपकेंद्रात लसीकरणाला बसतात त्या सिस्टर बहुतेक या वाटेने आलेल्या असतात. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला आर्ट्सवालेही चालतात, बारावीला इंग्रजी हवं आणि ४० टक्के. बी.एस्सी. चार वर्षांचं, त्याला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. मुलांनो, बी.एस्सी. आणि जीएनएम तुम्हालाही खुलं आहे बरं का. लाजू नका. एम्सच्या भरतीत नर्सिंग ऑफिसरच्या २० टक्के जागा पुरुषांना असतात. आमच्या वर्गातल्या पोरांना पेशंट 'सिस्टर' म्हणून हाक मारतात, तेही ओ देतात.

आता माझी गोष्ट. २०२३ ला मी बारावी झाले, त्याच वर्षी बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी सुरू झाली. शंभर प्रश्न, शंभर मार्क, दीड तास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी वीस. निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि मी अकरा प्रश्न कोरे सोडले! कोचिंगमध्ये नीटच्या पोरांबरोबर बसायची, त्यामुळे 'येत नसेल तर हात लावू नको' हे डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय परीक्षा कॉम्प्युटरवर. मी आयुष्यात माऊस धरला होता तो शाळेत, दोनदा. आपला अंगठा मोबाईलवर धावतो हो, पण माऊस हातात आला की बाण भलतीकडेच पळतो. पहिली दहा मिनिटं त्यातच गेली.

निकाल आला, ७१ पर्सेंटाइल. घरी पेढे! बाबांना वाटलं शंभरपैकी ७१ मार्क पडले. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शंभरातले किती जण आहेत ते. माझ्या पुढे शंभरातले एकोणतीस होते, आणि सरकारी कॉलेजच्या सीट तर मूठभर.

पण त्याहून मोठा घोटाळा कागदांचा होता, आणि तो पूर्णपणे आमचा होता. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला होता, नॉन-क्रीमीलेअर होतं. जात पडताळणीचा अर्ज मात्र निकालानंतर टाकला. व्हॅलिडिटी वेळेत हातात आली नाही आणि माझा नंबर ओपनमध्ये धरला गेला. पडताळणीला काय लागतं? ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा. व्हीजेएनटीवाल्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससींना १० ऑगस्ट १९५० च्या. म्हणजे आजोबा, नाहीतर पणजोबा. आमचे आजोबा शिकले जिल्हा परिषदेच्या शाळेत, वाडेगावकडच्या एका खेड्यात. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढायला बाबांचे ऑटोचे तीन दिवस बुडाले. हे सगळं अकरावीत करायचं असतं, कॉलेजकडून पत्र घेऊन. ऐकणाऱ्यांत अकरावीचं कोणी असेल तर भाग इथेच थांबवून आजोबांचं गाव विचारून घ्या. मी थांबते.

त्यात कॅपच्या फॉर्ममध्ये मी कॉलेजं भरली फक्त चार. बाबा म्हणाले, "अकोला, अमरावती भर. दूर कायले जातं वं? रातची ड्युटी रायते, पोरीची जात हाय." चारपैकी एकही लागलं नाही. कुठल्याच फेरीत नाही.

मग फोन सुरू झाले. माझा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. एक जण घरीच आला. म्हणे दुसऱ्या राज्यात सीट आहे, अटेंडन्सची कटकट नाही, फक्त परीक्षेला जायचं. ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी आज द्या, पन्नास हजार उद्या. आई बांगड्यांपर्यंत पोचली होती. मी त्याला कॉलेजचं नाव कागदावर लिहून मागितलं, तर तो म्हणाला नंतर सांगतो. बाबा शाळा फार शिकले नाहीत, पण ऑटो चालवणाऱ्याला पत्ता न सांगणारं गिऱ्हाईक लगेच कळतं. "गाव सांगत नाही अन् भाडं आधी मांगते," म्हणाले आणि त्याला चहा पाजून वाटे लावलं.

तुमच्याकडे असा कोणी आला तर कॉलेजचं नाव घ्या आणि नर्सिंग कौन्सिलच्या आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा. सापडलं तरी ओरिजिनल हातात देऊ नका. कागद एकदा अडकले की पुढच्या वर्षीचा फॉर्मही अडकतो. आणि अटेंडन्स नसलेलं नर्सिंग? इंजेक्शन काय यूट्यूबवर शिकणार?

ते वर्ष वाईट गेलं. मैत्रिणींचे कॉलेजचे स्टेटस बघायचे आणि फोन उलटा ठेवायचा. सकाळी आईबरोबर शिलाईला बसायची, दुपारी अभ्यास. नवीन पुस्तक एकही घेतलं नाही. अकरावी-बारावीची बायोलॉजीच तीनदा संपवली. वीस मार्कांचं इंग्रजी मी आधी सोडूनच दिलं होतं, या वेळी रोज एक उतारा. अ‍ॅप्टिट्यूडला घोकण्यासारखं फार नाही. शांत डोक्याने, पेशंटच्या जागी बसून विचार करायचा. आणि रविवारी तहसीलजवळच्या नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन माऊसवर सराव. कॅफेवाला दादा हसायचा, पण दीड तासाचे तीस रुपये कधी घेतले नाहीत, वीसच घ्यायचा.

२०२४ ला पर्सेंटाइल ९८ च्या वर गेलं. व्हॅलिडिटी फाइलमध्ये होती. या वेळी कॉलेजं भरली छत्तीस. आवडीच्या क्रमाने, 'मिळेल' त्या क्रमाने नाही. हा फरक लक्षात ठेवा : वरचं नाही लागलं तर यंत्रणा खालचं बघते, वर मोठं कॉलेज टाकल्याने खालची सीट जात नाही. नागपूर लागलं.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. पैशाचा प्रश्न होताच. पण त्याच जुलैत, ८ तारखेला, शासन निर्णय निघाला : आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. अर्ज महाडीबीटीवर. मेस आणि राहण्याचा खर्च वेगळा, तो डोक्यात ठेवा.

रात्रपाळीचं बाबांचं म्हणणं अजून पूर्ण गेलेलं नाही. आजही रात्री फोन येतो, "वार्डात लाईट हाय ना? सोबत कोन हाय?" मी सांगते, तीस पेशंट आहेत बाबा, एकटी कुठे.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, कोणता दाखला अडलाय तेही सांगा. आणि सेतूवर सकाळीच जा, दुपारी सर्व्हर झोपतो. माझी उद्या सातची ड्युटी आहे, युनिफॉर्मला इस्त्री राहिलीये. ठेवते.