उजेडाने उघडणारं औषध

आज बोलण्याआधी एक छोटा प्रयोग करू. गाडी चालवत असाल तर मात्र घरी पोचल्यावर करा. खोलीतला दिवा घालवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटं घट्ट ठेवा. बोटं लालभडक दिसतील. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, पण त्यातला निळा-हिरवा भाग आपलं रक्त शोषून घेतं आणि लाल तेवढा आरपार येतो. आजचा सगळा विषय या लाल उजेडाचा आहे.

हा विषय माझ्याकडे आला तो फोनवरून. रविवारी सकाळी सांगलीहून मावशीचा व्हिडिओ कॉल. तिची केमो चालू आहे, डोक्याला स्कार्फ. म्हणाली, "अरे, तुमच्या अमेरिकेत म्हणे नुसता लेझर मारून कॅन्सर घालवतात. केसही जात नाहीत. ग्रुपवर आलंय. मग मी पुढची तारीख पुढे ढकलू का?"

मी कंप्युटरवाला माणूस, डॉक्टर नव्हे. म्हटलं, "मावशी, दोन दिवस दे. तोवर तारीख हलवू नकोस." त्या दोन दिवसांत जे वाचलं, ते तुम्हालाही सांगतो. कारण असा फोन तुम्हालाही कधीतरी येईल.

तो मेसेज पूर्ण खोटा नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. उजेडाचे उपचार आहेत आणि ते जुने आहेत. नील्स फिन्सेन या डॉक्टरांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल 1903 साली नोबेल मिळालं. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे. तिथल्या रॉसवेल पार्क या कॅन्सर संस्थेत 1970च्या दशकात टॉमस डॉअर्टी यांनी आजची पद्धत उभी केली. तिचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी. आधी शिरेतून एक औषध देतात. ते अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असतं. दोनेक दिवसांनी गाठीवर लाल लेझर टाकला, की ते जवळच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो ऑक्सिजन तिथल्या पेशी मारतो. असं पहिलं औषध, फोटोफ्रिन, 1993 मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि 1995 मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. म्हणजे उपचार खरा आहे, पण ठरावीक जागांसाठी. शिवाय ते औषध घेतल्यावर निदान महिनाभर उन्हापासून जपावं लागतं.

मावशीला मिळालेली बातमी मात्र याच्या पुढच्या पायरीची होती. तिला मिळणारं औषध डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं. ते सगळ्या अंगभर फिरतं. म्हणून कॅन्सरबरोबर केसांची मुळंही मरतात आणि हृदयालाही जपावं लागतं. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की औषध बंद डबीत घालून पाठवावं आणि डबी गाठीपाशीच उघडावी. ही डबी म्हणजे लायपोसोम, चरबीसारख्या रेणूंचा सूक्ष्म फुगा, केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. फुग्यातलं डॉक्सोरुबिसिन 1995 पासून बाजारात आहे. पण ते गाठीत पोचलं तरी हळूहळूच झिरपतं.

ही डबी हवी तेव्हा उघडण्याची युक्ती पुन्हा बफेलोतच निघाली. तिथल्या विद्यापीठात जोनाथन लव्हेल यांच्या गटाने फुग्याच्या भिंतीत पॉर्फिरिन मिसळलं. पॉर्फिरिन हे आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीमच्या कुळातलं. लाल लेझर पडला की भिंत सैल होते आणि औषध बाहेर येतं. लेझर बंद केला की भिंत पुन्हा मिटते. दाराला कडी आहे, आणि किल्ली म्हणजे उजेड. हे काम 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते उंदरांवर झालेलं होतं, माणसांवर नाही.

आणि आता आपला टॉर्च आठवा. बोटातून उजेड येतो, मांडीतून येत नाही. लाल उजेडही शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर उपयोगी पडतो. खोलवरच्या गाठीसाठी दुर्बिणीतून किंवा सुईतून उजेडाची तार आत न्यावी लागते. आणि कॅन्सर शरीरात चार ठिकाणी पसरला असेल, तर दिवा कुठे कुठे धरणार?

आमच्या धंद्यात डेमो छान झाला म्हणून कोणी चालू सिस्टिम बंद करत नाही. नवी पूर्ण तपासून होईपर्यंत जुनी चालूच ठेवतात. इथे तर चालू सिस्टिम म्हणजे मावशी.

दोन दिवसांनी मी तिला तीन प्रश्न लिहून दिले. एक, हा प्रयोग माणसांवर झालाय की प्राण्यांवर? दोन, माझ्या प्रकारच्या, माझ्या पायरीच्या कॅन्सरवर झालाय का? तीन, तो नेहमीच्या उपचाराऐवजी आहे की त्याच्या जोडीला? म्हटलं, "हे तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि ते सांगेपर्यंत एकही तारीख चुकवू नकोस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या वेळेला नाही रे ते."

मंडळी, याला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "नाही, मावशी. पण तुझ्या वेळेला जे आहे, ते चालू आहे." मंगळवारी ती ठरल्या वेळी केमोला गेली.

आपण इथे लांब असतो. गावाकडच्यांना वाटतं, अमेरिकेत राहतो म्हणजे याला ठाऊक असणार. त्या विश्वासाने ती माणसं आपल्याला विचारून औषध सोडूही शकतात. म्हणून उत्तर देण्याआधी दोन दिवस मागून घ्या. "वाचून सांगतो" म्हणायला लाजू नका. आणि रात्री मुलांना जवळ घेऊन तो टॉर्च जरूर लावा. लाल बोटं बघून ती विचारतीलच, असं का होतं? तिथून पुढची गोष्ट तुम्ही सांगा.

काळजी घ्या. नमस्कार.