सोळा आण्यांचं दुखणं

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जगभर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणारी जागा, आणि पॅलिएटिव्ह केअर यांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आज मी तुमच्याशी बोलणार आहे.

‘आता आमच्या हातात काही नाही. घरी न्या, सेवा करा.’ दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून हे कधी ना कधी ऐकलेलं नाही, असं घर विरळाच. आपण मान डोलावतो, गाडी ठरवतो, माणसाला घरी आणतो. आणि पहिल्याच रात्री कळतं, की सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलेलंच नाही. दुखायला लागल्यावर काय द्यायचं? उलटी थांबेना तर काय करायचं? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं? रात्री दोन वाजता फोन कुणाला लावायचा? खाटेवरचा माणूस विव्हळत असतो आणि घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. आजार बरा होणारा नसला, तरी दुखणं बहुतेक वेळा आटोक्यात येतं. त्यावरचं औषध, मॉर्फिन, जुनं आहे, स्वस्त आहे. ते घरोघर पोचवायचं कसं, हे आपल्यापेक्षा गरीब देशांनी करून दाखवलंय. अडतंय ते कागदावर आणि मनातल्या भीतीवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणाऱ्या उपचारांची गरज असते. त्यातले ७८ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. प्रत्यक्षात ही सेवा मिळते ती गरजूंपैकी १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना. या गरजूंमध्ये फक्त कॅन्सरचे रुग्ण नाहीत. हृदय थकलेले, मूत्रपिंडं निकामी झालेले, अर्धांगवायूने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले असे कितीतरी आहेत. लहान मुलंही आहेत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने आणखी एक हिशेब मांडला. तेव्हा जगात वर्षाला मॉर्फिनच्या जातीची औषधं वाटली जात ती २९८ टनांहून थोडी जास्त. त्यातून सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येत शंभर किलो. सगळ्यांच्या मिळून शंभर किलो! हा आकडा वाचला तेव्हा मला राग आला. अजूनही येतो.

या कामाचा आजचा पाया घातला डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी. आधी परिचारिका, मग रुग्णालयातली समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर, अशा वाटेने त्या आल्या. १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये सिडनम इथे त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घराचं, पैशाचं आणि श्रद्धेचंही दुखणं मिसळलेलं असतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या गळी उतरवलं. दुसरी गोष्ट दिसायला साधी, पण तिने लाखोंचं आयुष्य सुसह्य केलं. मॉर्फिन द्यायचं ते माणूस ओरडायला लागल्यावर नव्हे, तर घड्याळ बघून. आधीच्या मात्रेचा असर उतरायच्या आत पुढची मात्रा पोटात जायला हवी.

आता आपल्याकडे येऊ. भारत हा अफूची कायदेशीर शेती करणारा देश. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर ही शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. मॉर्फिन निघतं ते याच अफूतून, आणि आपली अफू जगभर जाते. पण १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि आपल्याच रुग्णांसाठी मॉर्फिन मिळेनासं झालं. कायद्याचा हेतू व्यसनाला आळा घालण्याचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका रुग्णालयाला थोडं मॉर्फिन आणायचं तर बाळगण्याचा वेगळा परवाना, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणण्याचा आणखी वेगळा, आणि हे सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे असून नसल्यासारखे. वर, चूक झाली तर तुरुंगाची भीती. औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. १९९७ साली एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात मॉर्फिन वापरलं गेलं ते अवघं १८ किलो. डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्या मॉर्फिनची एक चिठ्ठीही न लिहिता शिकून बाहेर पडल्या.

खरं म्हणजे सुरुवात महाराष्ट्रात झाली होती. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. नंतर त्याची शाखा गोव्यातही निघाली. टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. २०१२ पासून तिथे एमडीचं शिक्षणही मिळतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून रुग्णांना पैसे न घेता सांभाळतंय. या साऱ्यांचं ऋण मोठं आहे. पण वांद्रे आणि वारजे गडचिरोलीपासून फार लांब आहेत.

गावापर्यंत जायची वाट केरळने काढली. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनांवरच्या उपचारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो माणूस बसमध्ये बसून येऊच शकत नाही. मग पथकं घरी जायला लागली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात हे काम गावकऱ्यांनी अंगावर घेतलं. रिक्षावाले, हमाल, दुकानदार, कॉलेजची मुलं त्यात आली. आठवड्यातले दोन तास देता येतील अशा कुणालाही सोळा तासांचं शिक्षण आणि पथकाबरोबर चार दिवसांचा अनुभव देऊन स्वयंसेवक केलं जाई. दुकानांच्या गल्ल्याशेजारी डबे ठेवले, सुटे पैसे जमू लागले. त्या पैशांतून परिचारिकेचा पगार निघायचा, औषधं यायची, आणि ज्या घरातला कमावताच पडून होता त्या घरात तांदूळ जायचा, पोरांची फी जायची. २००८ साली केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं आणि पंचायतीपंचायतीत घरभेटी देणाऱ्या परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या. सरकार मागून आलं, आधी गाव उठलं होतं.

हे सांगितलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: ‘केरळची गोष्ट निराळी. तिथे शिक्षण आहे, तिथल्या पंचायती बळकट आहेत.’ असेल. मग युगांडाकडे बघू.

१९९३ साली, म्हणजे कोझिकोडचं काम सुरू झालं त्याच वर्षी, डॉ. अ‍ॅन मेरिमन कंपालात दाखल झाल्या. एड्सने गावंच्या गावं पोखरलेली, हजारो माणसांमागे एक डॉक्टर, आणि हाताशी पैसा जेमतेम काही महिने पुरेल एवढा. येतानाच त्यांनी सरकारकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. देशात मॉर्फिनची पूड आणू द्यायची. या आधी सिंगापूरमध्ये त्यांनी औषधनिर्मात्यांच्या मदतीने पुडीपासून पातळ औषध बनवलं होतं. तीच कृती इथे आणली. वजन करून घेतलेली पूड, पाणी, औषध टिकावं म्हणून थोडं परिरक्षक, आणि कमी ताकदीचं कुठलं, जास्त ताकदीचं कुठलं, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून वेगवेगळे रंग. सुरुवातीला हे स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी कालवलं जाई आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं जाई. बाटली घरी जायची. किती घ्यायचं आणि किती तासांनी, हे घरच्या बाईला दाखवून, तिच्या हातून एकदा करवून घेऊन परिचारिका निघायची.

२००४ मध्ये युगांडाने आणखी एक पाऊल टाकलं. खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार कायद्याने दिला. डॉक्टर नाही म्हणून माणसाने तळमळत पडायचं नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ. आज तिथे हे औषध रुग्णाला फुकट मिळतं. पैशाने आपण युगांडापेक्षा कितीतरी सधन. तरीही आपल्या तालुक्याच्या गावी मॉर्फिन मिळत नाही, याला गरिबी हे कारण देता येणार नाही.

मग भीती उरते. मॉर्फिनचं व्यसन लागेल, औषध चोरीला जाईल. अमेरिकेत अशा गोळ्यांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, त्यामुळे भीती निराधार नाही. पण तिथे कंपन्यांनी बाजार मांडला होता आणि कंबरदुखीलाही या गोळ्या दिल्या गेल्या. कोझिकोडला नोंद ठेवून, माणूस ओळखून दिल्या. तिथल्या दोन वर्षांच्या पाहणीत सतराशेहून जास्त रुग्णांना घरी मॉर्फिन दिलं गेलं होतं आणि ते भलत्या हाती गेल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. ही पाहणी २००१ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आली.

दुसरी भीती खोलवरची. ‘भोग आहेत, ते भोगूनच संपवायचे.’ कुणाच्या श्रद्धेशी मी वाद घालणार नाही. पण हाड मोडलं की आपण प्लास्टर घालतोच ना? तेव्हा भोग आठवत नाहीत. मग मरणाच्या वाटेवरच्या माणसालाच ते का ऐकवायचे?

आमच्या भागात घरभेटी देणाऱ्या पथकाबरोबर मी जात असते. एका घरी आबांना गालाचा कॅन्सर होता. अख्खं आयुष्य तंबाखूची डबी खिशात. गालाला भोक पडलेलं, आणि वास असा, की खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकलेली. सूनबाई पदर नाकाला लावून ताट ठेवायची आणि मागे फिरायची. तिला दोष देऊ नका, ती दिवसरात्र करत होती. सिस्टर खाली बसल्या. म्हणाल्या, ‘आबा, सोळा आण्यांपैकी किती आणे दुखतंय?’ दहापैकी किती, असं पुस्तकात असतं, पण आबांना आण्याचा हिशेब कळत होता. ओठ धड मिटत नव्हते, तरी म्हणाले, ‘पंधरा. एक देवाला ठेवलाय.’

सिस्टरांनी मीठ घालून उकळलेल्या पाण्याने जखम धुतली. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये चिरडून त्यांची पूड जखमेवर पसरली, वर कापसाची घडी ठेवली. सूनबाईला जवळ बोलावून सगळं पुन्हा दाखवलं. मॉर्फिनची वेळ घड्याळाचा काटा कागदावर काढून समजावली. झोपतानाची मात्रा डॉक्टरांनी दुप्पट लिहून दिली होती, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. पोट साफ व्हायचं औषध त्याच दिवसापासून सुरू केलं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ हमखास होतो. त्याकडे दुर्लक्ष झालं की रुग्ण मॉर्फिनच टाकून देतो.

पुढच्या भेटीला खाट ओसरीवर आली होती. वास जवळजवळ गेला होता. नात शेजारी पाढे लिहीत बसली होती. दुखणं किती, तर पाच आणे. जरा बरं वाटल्यावर आबांनी काय केलं असेल? त्यांनी तलाठ्याला निरोप धाडला. दोन मुलांमधली वाटणी रखडली होती, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने मिटवलं. पुढे ते गेले. जाणारच होते. पण पंधरा आणे दुखत असताना त्यांना ती वाटणी करता आली नसती.

कायद्याची अडचणही आता पूर्वीइतकी नाही. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मान्यता घेतलेल्या वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच परवानगी पुरते. जिल्हा रुग्णालयाला ती मिळू शकते, धर्मादाय दवाखान्यालाही मिळू शकते. अर्ज करायला हवा, आणि लोकांनी मागणी केली तरच अर्ज होतात. तुमच्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा हा प्रश्न विचारा: आपल्याला सर्वांत जवळचं मॉर्फिन कुठे मिळतं?

आणि तुमच्या घरच्या माणसाबद्दल कुणी ‘घरी न्या’ म्हणालं, तर लगेच निघू नका. तिथेच थांबून विचारा. दुखायला लागलं तर काय द्यायचं आणि किती तासांनी? ते औषध कुठे मिळेल, चिठ्ठी कोण लिहून देईल? जखम कशी धुवायची, ते आत्ता करून दाखवाल का? घरी येणारं पथक या भागात आहे का? रात्री कुणाला फोन करायचा? उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि औषधाची पहिली बाटली हातात पडल्यावरच गाडी बोलवा.