न नेलेल्या मार्कशीट



 

माझी उभी नोकरी एका अनुदानित कॉलेजात गेली, शेवटची काही वर्षं उपप्राचार्य म्हणून. परीक्षा विभागात हेडक्लार्कच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होतं. तुमच्याकडेही असणार. विद्यापीठातून मार्कशीटचे गठ्ठे येतात, मुलं सही करून आपापली नेतात, आणि जी कुणी नेत नाही ती त्या कपाटात जातात. सुतळीने बांधलेली, वर खडूने साल लिहिलेलं. निवृत्तीच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी ते कपाट उघडून बसलो. पहिल्या सत्राची मार्कशीट आहे, दुसऱ्याची आहे, पुढे नावच नाही. कुणी तीन विषयांत गेलेला, कुणी सगळ्यांत पास होऊनही न परतलेला. पास होऊन गेलेल्यांचं मला नवल वाटलं. कॉलेज सोडतो तो अभ्यासात कच्चा असतो, अशी माझी तोवर समजूत होती.

आपण निकालाचा फलक लावतो. परीक्षेला बसले इतके, उत्तीर्ण इतके, शेकडा प्रमाण इतकं. टीवायला जे उरले त्यांचा हा निकाल. एफवायला आले किती होते, हा रकाना फलकावर नसतो. चाळून उरलेलं धान्य तोलायचं आणि यंदा एवढंच पिकलं म्हणायचं, तसलाच हा हिशेब. देशाच्या पातळीवरही चर्चा होते ती पटाची. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं, आणि २०२० च्या धोरणाला ते २०३५ पर्यंत पन्नासवर न्यायचं आहे. न्यावंच. पण दारातून आत आलेल्यांचं पुढे काय झालं हे विचारणारा आकडा इतक्या आवडीने कुणी मांडत नाही.

त्याच कपाटापाशी एकदा एक बाई आली होती, कडेवर मूल. अंगणवाडीची भरती निघाली होती, पदवी असेल तर वरचे गुण मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं. हेडक्लार्कने गठ्ठा सोडून तिची मार्कशीट काढली. शेवटचं सत्र, दोन विषयांपुढे ‘गैरहजर’. मी म्हटलं, ताई, दोनच पेपर राहिलेत, का नाही दिलेत? ती म्हणाली, “सर, स्कॉलरशिप आली नव्हती, फी राहिली म्हणून हॉल तिकीट अडवलं होतं. वडलांनी उसने आणून भरले तोवर दोन पेपर होऊन गेले. मग मे महिन्यात लग्नच झालं.” आता बसता येईल का, असं तिने विचारलं. बसता येणार नव्हतं. पॅटर्न बदलला होता, जुन्या अभ्यासक्रमाच्या जादा संधीही संपल्या होत्या. थकबाकीदारांना हॉल तिकीट देऊ नये, ही त्या सालची नोटीस माझ्या सहीची होती. ते मी तिला सांगितलं नाही.

नोटीस हौसेने काढली नव्हती, कॉलेजलाही वीजबिल भरायचं असतं. पण सरकारकडून यायचे पैसे उशिरा आले, त्याचा भुर्दंड त्या साखळीतल्या सर्वांत हलक्या खिशावर पडला, आणि आम्हाला तो शिस्तीचा भाग वाटला.

बीडकडच्या प्राध्यापकांना पुढचं सांगायला नको. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्याच सुमाराला आपली पहिल्या सत्राची परीक्षा येते. कोयता परततो तो मार्च-एप्रिलात, म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळं फडातच जातं. आपण टोळीबरोबर गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘हजेरी अपुरी’ लिहितो. वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं, गळीत हंगामाची सुरुवात राज्य सरकार ठरवतं, आणि दोघांच्या मध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा सापडतो. मुलींचं आणखी निराळं. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. एफवायला आली की सवलतीचा का होईना, पैसे मोजून घ्यायचा. घरात त्या रकमेवरून काय बोलणं होतं, हे गावातून येणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा.

विद्यार्थ्याच्या बाजूने बघणारी माणसं आपल्याकडे नव्हती असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळच्या वेळेचं, दिवसभर नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ चालवली. दोघांनी आधी विद्यार्थ्याचा दिवस पाहिला आणि कॉलेज त्यात बसवलं. आपण उलट करतो.

एक परदेशी दाखला देतो, कारण तो तपासून पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. फीतली तूट भरून द्यायची, पुस्तकं द्यायची, मोजक्याच मुलांमागे एक सल्लागार नेमायचा, आणि बस-मेट्रोचा पास द्यायचा, तोही कार्यक्रमात भाग घेत राहिलं तरच. गरीब घरची, पायाभूत विषयांत कच्ची मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली. तीन वर्षांनी कार्यक्रमातली ४० टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली होती, दुसऱ्या गटातली २२ टक्के. अमेरिकेची श्रीमंती आपल्याकडे नाही हे खरं. पण बसचा पास आणि नावाने ओळखणारं एक माणूस, यात श्रीमंती ती किती?

ते माणूस आपण कुठून आणणार, हा मात्र खरा प्रश्न आहे. निम्मे वर्ग तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांच्या अंगावर. तास संपला की त्यांना पुढच्या कॉलेजची गाडी गाठायची असते. त्यांच्याकडून पालकत्वाची अपेक्षा करायला मला तोंड नाही.

नव्या धोरणात एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं, श्रेयांक बँकेत राहतात. सोय चांगली आहे. मला भीती एवढीच वाटते की ज्याला काल गळती म्हणत होतो त्याला उद्या निर्गमन म्हणू आणि फलक आणखी सुंदर दिसेल. बाहेर पडायचा दरवाजा बांधून झालाय. परत आत यायच्या दरवाज्याला कडी आतून आहे की बाहेरून, ते आपल्या परीक्षा विभागांना अजून माहीत नाही.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. निकालाच्या फलकावर चौथा रकाना असावा: तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेले किती. आणि परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपायच्या आठ दिवस आधी, फॉर्म न भरलेल्यांची यादी काढून प्रत्येकाला कॉलेजातून एक फोन जावा. नंबर बहुधा थोरल्या भावाचा किंवा शेजाऱ्याचा निघेल, तरी जावा. फोनचं बिल कोणत्या हेडखाली टाकायचं, असा प्रश्न एका प्राचार्यांनी मला सकाळी चहाच्या वेळी विचारला आहे. हेडक्लार्क मंडळी समोर बसली आहेत. जेवणाआधी त्यांनी तेवढं सांगावं.