शहराचे सांडपाणी आणि शेवाळाची तळी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज भावाबद्दल किंवा कर्जाबद्दल बोलणार नाही. आज बोलायचे आहे गटाराबद्दल. हसू नका. हिशेब ऐका, मग हसा.

उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात जलाशयावर हिरवा तवंग चढतो. ते शेवाळ आभाळातून पडत नाही. शहरांच्या मैल्यातले नत्र आणि स्फुरद खाऊन ते वाढते. तेच पाणी सोलापूर पिते, आणि सोलापूरचे सांडपाणी पुन्हा नाल्यांवाटे सीनेत जाते.

आता मुद्दा असा. जे शेवाळ धरणात बेशिस्त वाढले की घाण ठरते, तेच बांधलेल्या तळ्यात शिस्तीने वाढवले तर पाणी साफ करते. मैला कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. यंत्राच्या कारखान्यात तो पंपाने हवा फुंकून देतात आणि त्याचे वीजबिल येते. तळ्यात हेच काम सूर्य आणि शेवाळ फुकट करतात. शेवाळ प्राणवायू सोडते, जिवाणू तो घेऊन घाण फोडतात, आणि त्यातून सुटलेला कर्बवायू व नत्र शेवाळ खाते. अशी तळी ओळीने असतात. पहिले खोल, तिथे गाळ बसतो. दुसरे दीड मीटरच्या आसपास. शेवटची उथळ, तिथे ऊन तळापर्यंत पोचते आणि रोगजंतू मरतात. जंतांची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. नागपूरच्या नीरी या संस्थेने अशा तळ्यांवर आपल्या देशात 1960 च्या दशकापासून काम केले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी याहून उथळ, पाणी फिरते ठेवणारी तळी 1950 च्या दशकात मांडली. म्हणजे विद्या नवी नाही.

यात आपले काय? माणसाच्या मलमूत्रातून, आपल्याकडच्या आहारावर, वर्षाला माणशी सुमारे अडीच किलो नत्र बाहेर पडते. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. म्हणजे सुमारे 2,400 टन नत्र. 45 किलोच्या युरियाच्या पिशवीत मांडले तर लाखाहून अधिक पिशव्या! काही हवेत उडेल, काही गाळात बसेल. निम्मे हाती आले तरी पन्नास हजार पिशव्या. आपण पिकवलेल्या ज्वारीतून आणि डाळीतून गेलेले हे खत आहे. शहर ते नदीत ओतते आणि आपण दुकानातून पुन्हा विकत आणतो.

पाण्याचाही हिशेब करा. एका एकराला सहा सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायला सुमारे अडीच लाख लिटर लागते. म्हणजे दर एक कोटी लिटर सांडपाण्यात रोज चाळीस एकर भिजते. मालदांडी पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर कणसात आणि कडब्यात काय फरक पडतो, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. कपाशीला बोंडे भरताना तेच.

पण डोळे झाकून हे पाणी घेऊ नका. पहिली गोष्ट, कापड रंगवणाऱ्यांचे आणि इतर कारखान्यांचे पाणी यात मिसळता कामा नये. जड धातू शेवाळात साठतात, मग ते शेवाळ खत म्हणून चालत नाही. दुसरी, सांडपाण्यात क्षार असतात. आपली काळी जमीन निचरा नसेल तर चोपण होते, आणि एकदा बिघडलेली जमीन सुधारायला वर्षे जातात. तिसरी, हे पाणी कपाशीला, धान्याला द्यावे. कच्च्या खायच्या काकडी-कोथिंबिरीला देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्येच अट घातली की लिटरभर पाण्यात जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे. चौथी, तळ्यांना जमीन लागते. दर दहा लाख लिटरला ढोबळ अडीच-तीन एकर. ती जमीन कोणाची जाणार, हे आधी विचारा.

शेजारी कर्नाटकात बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी 2018 पासून कोलारच्या कोरड्या तलावांत सोडले जाते. विहिरींना पाणी वाढले, आणि पाण्याच्या दर्जावरून वादही झाले. दोन्ही धडे आपण घ्यावेत.

शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी फोड करून दाखवली होती. इंडियाचे सांडपाणी भारताने मुकाट्याने सोसायचे, आणि त्याला किंमत आली की ते कारखान्याला विकायचे, हे चालणार नाही. म्हणून आपली मागणी सरळ आहे. साफ केलेल्या पाण्यात खालच्या गावांचा हिस्सा लेखी ठरवा. दर महिन्याच्या तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तळ्यासाठी जमीन घ्याल तर भाडे द्या, मालकी शेतकऱ्याची ठेवा. गाळ आणि शेवाळ तपासून, खत म्हणून शेतकऱ्याला द्या.

या मेळाव्यातून परत गेल्यावर प्रत्येक गावाने एवढे करावे: आपल्या नाल्याला कोणते पाणी येते, किती येते, कोणाचे येते, याची नोंद करा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. ज्याच्या हातात हिशेब असतो, त्याचे बोलणे ऐकावेच लागते.